अर्ध्या किमतीचा डबा

त्या आजोबांनी मला काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. निदान कपाळाला आठी घातली असती, तर मी मनातल्या मनात भांडून मोकळी झाले असते. त्यांनी तसं काहीच केलं नाही. मी तो शेवटचा डबा उचलला तेव्हा ते माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते. त्यांचा हात फळीकडे निघाला होता की नव्हता, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. त्यांनी मान किंचित झुकवली, एक पाऊल मागे सरकले आणि लोणच्यांच्या फळीकडे वळले. हातातली टोपली रिकामीच.

नोव्हेंबर २०२५, जपानमधलं कानाझावा, संध्याकाळ आणि पाऊस. त्या भागात एक म्हण आहे: बेंटो, म्हणजे जेवणाचा डबा, विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस. हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीने ती आम्हाला सकाळीच हसत हसत सांगितली होती. आम्ही दोन्ही विसरलो. केनरोकुएन बागेत बर्फाच्या ओझ्याने फांद्या मोडू नयेत म्हणून झाडांना दोऱ्यांचे तंबू बांधलेले असतात, ते बघत दिवसभर हिंडलो आणि नवऱ्याचे गुडघे बोलायला लागले. तो खोलीवर जाऊन पडला आणि रात्रीचं काहीतरी आणायला मी बाहेर पडले. वाटेत मोठी सर आली म्हणून सुपरमार्केटात शिरले, असं मी त्याला नंतर सांगितलं. खरं तर मला वेळ ठाऊक होती. निघण्याआधी महिनाभर मी जपानवारीचे जे व्हिडिओ बघितले होते, त्यातल्या निम्म्यांत ही युक्ती होती: रात्री आठच्या सुमाराला जा, जेवणाचे डबे निम्म्या किमतीत मिळतात. ‘हांगाकु’ची, म्हणजे ‘निम्म्या किमती’ची, दोन अक्षरं मी पाठ करून गेले होते. त्यातलं पहिलं सोपं आहे. एका खांबाला दोन आडव्या काठ्या बांधाव्यात आणि वर सशासारखे दोन कान काढावेत, तसं.

आठला दहा मिनिटं असताना पांढरी टोपी घातलेला एक मुलगा आला. खांद्याला पट्ट्याने लटकवलेलं छोटं यंत्र. डब्यावरच्या काळ्या रेघांवर ते टेकवायचं, टीं, यंत्राच्या तोंडातून लाल-पिवळं लेबल बाहेर, ते डब्यावर अंगठ्याने दाबायचं, पुढचा डबा. आपल्याकडे लग्नात जागा नसली की माणसं सरळ जेवणाऱ्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहतात. हा बापडा मठ्ठा भुरकतोय आणि मागचा त्याचे घोट मोजतोय. इथेही तेच चाललं होतं, फक्त सगळे दुसरीकडे बघत होते. एक बाई तोफूचं खोकं उलटंपालटं करून तारीख वाचत होत्या, टाय सैल केलेला एक तरुण फोनमध्ये डोकं घालून उभा होता, आजोबा लोणच्यांपाशी आणि मी सोया सॉसच्या बाटल्यांपाशी. त्यांवरचं एक अक्षर मला वाचता येत नव्हतं, तरी मी एकेक बाटली लक्षपूर्वक वाचत होते. मुलगा पाठ फिरवून गेला आणि कुणी कुणाला न ढकलता मिनिटभरात फळी रिकामी झाली. एक उरला. बांगड्याचा. चारशे अठ्ठ्याण्णव येनांचा दोनशे एकोणपन्नासला, म्हणजे आपले एकशेचाळीस रुपये.

तो मी उचलला.

खोलीवर येऊन झाकण काढलं. डब्याच्या अर्ध्या भागात भात, त्यावर काळे तीळ आणि मधोमध सुरकुतलेलं लाल उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ. त्याच्या शेजारी खाऱ्या बांगड्याचा तुकडा, कातडीवर तिरकी चीर दिलेली आणि त्या चिरेपाशी चरबी सुटून चकाकणारी. गोडसर अंड्याच्या गुंडाळीचे दोन काप. तोंडात टाकण्याआधी मी त्यांचे थर मोजले, सात होते. गोबो नावाच्या मुळाचे सोया सॉसमध्ये परतलेले काप. एक कोरोक्के, म्हणजे बटाट्याचं कटलेटच, आणि त्याच्याखाली बिनमसाल्याच्या स्पॅगेटीच्या चार-पाच काड्या. या काड्या कशाला, असं मला आधी प्रत्येक डब्यात वाटायचं. मग कळलं, तळलेल्या पदार्थाचं तेल टिपायला त्या खाली अंथरतात. मासा आणि अंडं यांच्यामध्ये हिरव्या प्लास्टिकची दातेरी गवताची पट्टी. पूर्वी तिथे खरं पान असायचं. एकाची चव दुसऱ्याला लागू नये आणि अन्न टिकावं म्हणून. आता पान गेलं, पानाचं चित्र राहिलं. चमचाभर जागाही रिकामी नव्हती, पण काही कोंबून भरलेलंही वाटत नव्हतं. कुणीतरी, कुठल्यातरी स्वयंपाकघरात, मी कोण हे माहीत नसताना, हे एवढं निगुतीने रचलं होतं. सगळं संपवलं. सगळं आवडलं. तेच जरा लागलं.

दुसऱ्याचा डबा खाल्ल्याची ही भावना मला नवी नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी दादरला पेइंग गेस्ट होते आणि फोर्टातल्या ऑफिसात दुपारी एका काकूंचा डबा यायचा. झाकणावर लाल रंगात काढलेली खूण असायची, ती बघून उचलायचा, एवढंच माझं काम. एके दिवशी गप्पांच्या नादात मी खूण न बघताच शेजारचा डबा उचलला आणि उघडला. घडीच्या पोळ्या, कुरकुरीत भेंडी, आणि सगळ्यात वरच्या छोट्या वाटीत केशर घातलेला शिरा. काकूंनी आज कमालच केली म्हणत मी तो चाटूनपुसून खाल्ला. अकाउंट्समधले एक गृहस्थ दुपारी तीनला माझ्या टेबलाशी आले आणि माझा रिकामा डबा माझ्यासमोर ठेवून म्हणाले, “तुमची आमटी छान होती हं.” बस. पुढे कुणाकडून तरी कळलं, त्या दिवशी त्यांच्या लग्नाचा वाढदिवस होता. माझ्या आमटीत त्या दिवशी काय होतं, हे मला आठवतही नाही. त्यांच्या शिऱ्यातली वेलची मात्र अजून आठवते.

पण त्या डब्याच्या झाकणावर खूण तरी होती. सुपरमार्केटातल्या डब्यावर कुणाचीच खूण नव्हती. असलीच तर किमतीची.

या प्रवासात आम्ही बेंटोवरच जगलो म्हणायला हरकत नाही. पहिले दोन दिवस भाषेने नाचवलं. कोपऱ्याकोपऱ्यावरच्या दुकानात पैसे देताना समोरची मुलगी काहीतरी विचारते, आपण “हाय”, म्हणजे ‘हो’, म्हणतो. पहिल्या “हाय”ला डबा मायक्रोवेव्हमध्ये गेला आणि कोशिंबिरीसकट वाफाळत बाहेर आला. दुसऱ्या “हाय”ला पिशवीचे पैसे लागले. तिसऱ्या “हाय”ला काय मिळालं ते कळलंच नाही. रिकामा डबा टाकायला रस्त्यावर कचरापेटी सापडत नाही. १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन वायूचा हल्ला झाला, त्यानंतर पेट्या उचलल्या त्या बहुतेक परत आल्याच नाहीत. त्यामुळे सोया सॉसचा वास येणारी पिशवी पर्समध्ये घेऊन मी दिवसभर देवळं बघितली. चौथ्या दिवशी “आतातामेमासु का” म्हणजे ‘गरम करू का’ हे कानाने ओळखलं, आणि त्याला “नाही” म्हणायला शिकले. तो मला त्या प्रवासातला सगळ्यात मोठा विजय वाटला.

कारण गार भात. आपल्याकडे गार भात म्हणजे एक तर आजारपण, नाही तर आळस, नाही तर उद्याच्या फोडणीची तयारी. “जेवण गार होतंय” ही हाक ऐकत आपण वाढलो. डबा गार असतो, पण तो नाइलाजाने. जपानी बेंटोतला भात मात्र गार खाण्यासाठीच शिजवलेला असतो. त्यांचा आखूड, चिकट दाणा गार झाल्यावरही मऊ राहतो. आपला लांब दाणा गार झाला की ताठरतो, कारण त्यातला स्टार्च वेगळा. फ्रिजमध्ये मात्र जपानी भातही कडक होतो, म्हणून दुकानांतली भाताच्या डब्यांची फळी वीस अंशांच्या आसपास ठेवलेली असते, फ्रिजइतकी थंड नाही. घरी मी इंद्रायणी शिजवते, त्यालाही चिकटपणा आहे, पण त्याला तूप-मेतकूट हवं आणि वाफ हवी. बांगड्याबरोबरचा तो गार घास सावकाश चावला तेव्हा भात गोड असतो हे पन्नाशीला आल्यावर कळलं. गरम भातात आपण इतकं काही कालवतो की त्याची स्वतःची चव कधी विचारलेलीच नसते. एक गोष्ट मात्र अगदी घरची निघाली. तिथेही भात पूर्ण निवल्याशिवाय झाकण लावत नाहीत. आई पोळ्या जाळीवर पसरून ठेवायची आणि मी घाई केली की म्हणायची, “थांब गं, डब्याला घाम सुटेल.”

नवऱ्याची कथा निराळी. मी मासे खाणाऱ्या घरातली, तो वरण-भाताच्या. जपानमध्ये मांस टाळता येतं, मासा टाळता येत नाही. तो दिसत नसला तरी दाशीच्या, म्हणजे माशाच्या अर्काच्या, रूपाने रश्शात असतो, भाजीत असतो, अंड्यातसुद्धा असतो. फोनचा कॅमेरा प्रत्येक लेबलवर धरून आम्ही उभे राहायचो आणि पडद्यावर गव्हाचं मनगट, समुद्राचं दुःख असली काहीतरी भाषांतरं उमटायची. शेवटी त्याने उमेबोशी भरलेली त्रिकोणी ओनिगिरी, म्हणजे भाताची मूद, पकडली आणि सोडली नाही. तो तिला ‘लोणच्याचा लाडू’ म्हणायचा. तिच्या वेष्टनावर १, २, ३ असे आकडे असतात. त्या क्रमाने ओढलं की प्लास्टिक निघतं आणि तोवर भातापासून वेगळा ठेवलेला नोरीचा, म्हणजे समुद्री शेवाळाचा, कागद कुरकुरीत राहून भाताला लपेटतो. तिसऱ्या दिवसापासून तो हे एका हाताने करायला लागला. दहाव्या दिवशी ओसाकाच्या विमानतळावर, त्याच्या हातातल्या शेवटच्या लाडवाच्या लेबलवर मी उगाच फोन धरला आणि पडद्यावर ‘बोनिटो माशाचा अर्क’ असं आलं. सगळेच तसे होते की तो एकच, कोण जाणे. मी फोन बंद केला. घरी येऊन आठवड्याने सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “चव बरी होती.” त्यानंतर दोन दिवस माझ्याशी जरा कमीच बोलला, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

टोकियोहून कानाझावाला थेट शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, अडीच-तीन तासांत जाता येतं. आम्ही मुद्दाम वाट वाकडी केली. टोकियो स्टेशनात एकिबेनचं एक दुकान आहे. एकि म्हणजे स्टेशन, बेन म्हणजे बेंटो. देशभरातल्या स्टेशनांचे डबे तिथे पहाटेपासून मिळतात: सेंदाईचा बैलाच्या जिभेचा, दोरी ओढली की खालच्या चुन्यात पाणी मिसळून आपोआप गरम होणारा; होक्काइदोच्या मोरी स्टेशनचा, १९४१ साली तांदळाची टंचाई असताना निघालेला, माकुळाच्या पोटात भात भरलेला. १८८५ साली उत्सुनोमिया स्टेशनावर बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या दोन ओनिगिरी आणि मुळ्याचं लोणचं विकलं, तिथून हे सुरू झालं असं सांगतात. दुकानात इतकी गर्दी की डब्याकडे बघायला मान वाकवावी तर मागचा माणूस पुढे. मी काहीच घेतलं नाही. मला एकच डबा हवा होता आणि तो त्याच्या स्वतःच्या स्टेशनावर हवा होता.

योकोकावा. ताकासाकीहून लोकलने अर्ध्या तासावर, डोंगराच्या पायथ्याशी. तिथे उतरले आणि पोटात काहीतरी ओळखीचं हललं. फलाट, समोर उभा डोंगर, बाजूला पडीक रुळांचं जाळं. हे तर कर्जत! आणि खरोखरच कर्जत होतं. योकोकावाच्या पुढे उसुई घाट, एक हजार मीटरला साडेसहासष्ट मीटरांहून जास्त चढ, म्हणजे पंधरा पावलांत एक पाऊल वर. आपला बोरघाट सदतिसात एक, तरी गाडीला कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात. १८९३ साली उसुईत रूळ पडले तेव्हा इंजिनाला पकड मिळावी म्हणून मधे दातेरी रूळ टाकावा लागला होता. तो १९६३ मध्ये गेला, पण मदतीची इंजिनं शेवटपर्यंत लागत राहिली. इंजिन जोडायचं म्हणजे गाडी थांबणार. गाडी थांबली म्हणजे माणसं खिडकीतून हात बाहेर काढणार. कर्जतला त्या हातात वडा आला. योकोकावाला १९५८ साली मातीचं भांडं आलं. तिथल्या डबेवाल्या दुकानाच्या मालकीणबाई फलाटावर फिरून प्रवाशांना विचारायच्या, तुम्हाला काय खावंसं वाटतं? लोक म्हणायचे, काहीतरी गरम, घरच्यासारखं. म्हणून माशिकोच्या कुंभारांच्या भट्टीतल्या भांड्यात भात: कोंबडी, बांबूचे कोंब, शिताके अळंबी, लावीचं अंडं, एक चेस्टनट, एक जर्दाळू. माती ऊब धरून ठेवते.

कॉलेजात असताना दर दुसऱ्या शनिवारी मी मुंबईहून पुण्याला यायची. कर्जत आलं की मागून एक दणका बसायचा, डब्यातल्या उभ्या माणसांचा एकदम तोल जायचा, आणि त्याच क्षणी खिडकीतून वर्तमानपत्राचा तेलकट पुडा आत यायचा. सुटे पैसे द्यायच्या आत गाडी हलली तर विक्रेता पळत यायचा, किंवा मागच्या डब्यातल्या कुणाच्या तरी हातात पैसे द्यायला सांगायचा, आणि ते पोचायचे. योकोकावाला विक्रेते गाडी सुटताना फलाटावर ओळीने उभे राहून वाकून नमस्कार करायचे, म्हणे. आता कुणाला करणार? १९९७ मध्ये नागानोची शिंकान्सेन आली आणि योकोकावाच्या पुढचे रूळ बंद झाले. चढणीसाठी थांबणंच उरलं नाही, बोगद्यातून गाडी निघून जाते. डबा मात्र उरला. स्टेशनाबाहेरच्या दुकानात बसून मी तो खाल्ला, गरम होता, आणि खरं सांगायचं तर कोंबडी जरा गोडच वाटली. पण मला ते भांडं हवं होतं. आठशे ग्रॅमच्या आसपासचं ते धूड नवऱ्याच्या शिव्या खात मी पुण्यापर्यंत वाहून आणलं. त्यात आता दह्याला विरजण लावते. दही असं लागतं की सुरीने कापावं.

कानाझावात मात्र मला ना घाट होता, ना थांबलेली गाडी, ना कुणी पळत येणारं. एक फळी होती आणि मी वेळ साधून गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच सुपरमार्केटात केळी घ्यायला गेले तेव्हा तांदळाच्या पिशव्यांपाशी थबकले. पाच किलोची पिशवी चार हजार येनांच्या वर. किलोमागे पाचशे रुपयांच्या घरात. दीड-दोन वर्षांपूर्वी हाच तांदूळ निम्म्याला मिळत होता, असं बातम्यांत वाचलं होतं. वाचताना तो आकडा होता, इथे ती पिशवी होती, आणि एक म्हातारी बाई तिच्यावर हात ठेवून बघून पुढे निघून गेली. “जपान सध्या स्वस्त आहे, जाऊन या,” असं आम्हाला सगळे सांगत होते. येन घसरला म्हणून आम्हाला स्वस्त. ज्यांचा पगार आणि पेन्शन येनात, त्यांना काय? माझ्या एकशेचाळीस रुपयांनी मला काही फरक पडत नव्हता. मी ते वाचवले ते निव्वळ गंमत म्हणून, घरी सांगायला एक किस्सा म्हणून.

त्या संध्याकाळी पावणेआठलाच गेले. मुलगा यायच्या आधी बांगड्याचा एक डबा उचलला आणि पूर्ण चारशे अठ्ठ्याण्णव येन मोजले. प्रायश्चित्त म्हणायचं तर ते दोनशे एकोणपन्नास येनांचं होतं, हे मलाही कळत होतं. पैसे दिल्यावर पिशवीत सामान भरायला एक लांब टेबल असतं, त्याच्या टोकाला गिऱ्हाइकांसाठी मायक्रोवेव्ह. मी तिथे पिशवीची गाठ सोडत-बांधत रेंगाळले. आठ वाजत आले, टोपीवाला मुलगा आला, टीं, टीं, टीं. लोणच्यांच्या फळीपाशी राखाडी जाकीट दिसलं.

आज डबे बरेच उरले होते. मुलगा गेल्यावर आजोबा सावकाश आले, झाकणांमधून वाकून एकेक डबा बघितला आणि टोपलीत ठेवला. मग तसाच दुसरा ठेवला. बांगड्याचे दोन.

काल एकच उरला होता.

म्हणजे कदाचित त्यांना तो नकोच होता. एक घेऊन ते करणार काय. किंवा एकच घेणार होते आणि दोघांत अर्धा-अर्धा खाणार होते, किंवा तो घरच्या माणसाला देऊन स्वतः लोणचं-भातावर भागवणार होते. टेबलाशी आल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं, ओळखलं की नाही कळलं नाही, मान मात्र कालच्याइतकीच झुकवली. मीही झुकवली. त्यांनी पहिला डबा मायक्रोवेव्हमध्ये ठेवला. टिंग झाल्यावर तो काढून पिशवीतल्या वर्तमानपत्रात नीट गुंडाळला, कडा आत मुडपल्या, दुसरा आत ठेवला, आणि पाठीमागे हात बांधून त्या पिवळ्या उजेडात गरगर फिरणाऱ्या डब्याकडे बघत उभे राहिले.